पंथत्याग

पंथत्याग : अनुयायांचा आचार, पैसा, वेळ व नातेसंबंध यांवर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या धार्मिक गटातून स्वेच्छेने बाहेर पडणे. अशा गटातून फुटून निघालेल्या उपगटांची पारख हा याच विषयाचा दुसरा भाग असल्याने त्याचाही विचार येथे केला आहे. धर्मांतराहून पंथत्याग वेगळा. पंथ सोडणारा बहुधा धर्म, दैवत, कित्येकदा ग्रंथही तेच ठेवतो. तो सोडतो ती गुरूची किंवा मंडळाची सत्ता. सातारा-सांगली भागात ‘माळ काढली’, ‘सत्संगाला जायचं सोडलं’ आणि ख्रिस्ती कुटुंबांत ‘मंडळी सोडली’ अशा शब्दांत ही घटना सांगितली जाते.

धर्मशास्त्रीय पूर्वपीठिका : जुन्या धर्मशास्त्राने स्वतःहून बाहेर पडणाऱ्याचा विचार फारसा केलेला नाही, बाहेर काढलेल्याचा मात्र तपशीलवार केला आहे. गौतम धर्मसूत्राच्या विसाव्या अध्यायात पतिताच्या त्यागाचा विधी येतो. गुरुजन व नातेवाईक जमून त्या जिवंत माणसाची उदकदानादी प्रेतकार्ये उरकतात. दास किंवा नोकर उकिरड्यावरून फुटके भांडे आणतो, दासीच्या घटातील पाणी त्यात भरतो आणि दक्षिणेकडे तोंड करून पायाने ते लवंडतो. ‘अमक्याला मी पाण्यावाचून करतो’ असे नाव घेऊन म्हणतो. जमलेल्यांची जानवी उजव्या खांद्यावर आणि केस मोकळे असतात. नंतर स्नान करून सगळे गावात परततात. पुढचे कलम आजच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे : त्या माणसाशी नकळत बोललेल्याने एक रात्र, जाणूनबुजून बोललेल्याने तीन रात्री उभे राहून सावित्रीचा (गायत्री मंत्राचा) जप करावा. म्हणजे शिक्षा बाहेर गेलेल्यापुरती नाही. त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्यालाही ती आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हाच विधी थोडक्यात येतो. तेथे दासीच पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. प्रायश्चित्त घेतल्यावर परतण्याची वाटही सांगितली आहे : पतितासह पवित्र जलाशयात स्नान करून नवा, पाण्याने भरलेला घट पाण्यात टाकावा.

गौतम धर्मसूत्राच्या काळाबद्दल मतभेद आहेत. पां. वा. काणे ते इ. स. पू. सुमारे ६०० ते ४०० या काळातील मानतात. पॅट्रिक ऑलिव्हेल आपस्तंब धर्मसूत्राला आधीचे ठरवून गौतम धर्मसूत्राला इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास आणतात. सूत्रांचे परस्परसंबंध पाहता हे दुसरे मत अधिक स्वीकारार्ह वाटते. मात्र काळ पुढेमागे सरकला तरी विधीचे स्वरूप बदलत नाही.

गावगाड्यातील ‘वाळीत टाकणे’ या विधीतून थेट उतरले की गोतसभेच्या (गाव व जातीतील प्रमुखांच्या न्यायसभेच्या) स्वतंत्र अधिकारातून वाढले, हाही वादाचा प्रश्न आहे. मराठेशाहीतील कागदपत्रांत गोतसभा, दंड, शुद्धिपत्र आणि जातभोजन घालून पंक्तीत परत घेण्याची ‘गोतपत’ ही पद्धत दिसते. प्रायश्चित्ताच्या निर्णयासाठी वाई व कऱ्हाड येथील ब्रह्मवृंदाकडे प्रकरणे जात. शास्त्राचा आधार ब्रह्मवृंद देत असला, तरी पाणी, पंगत आणि सोयरीक बंद ठेवण्याची ताकद गोताकडे होती. त्यामुळे दुहेरी उगम मानणारे मत सयुक्तिक ठरते.

परत घेण्याचे या भागातील सर्वांत गाजलेले उदाहरण फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांचे. विजापूर दरबारी त्यांना मुसलमान व्हावे लागले आणि पुढे जिजाबाईंच्या पुढाकाराने शिखर शिंगणापूर येथे त्यांना परत घेतले, अशी हकिकत बखरी व घराण्याची परंपरा यांतून आली आहे. तिच्या सनाबद्दल एकमत नाही. सतराव्या शतकाचा मध्य एवढेच म्हणणे सुरक्षित. बजाजींचे पुत्र महादजी यांना शिवाजी महाराजांची कन्या सखुबाई दिली होती, हे मात्र निश्चित आहे. परत घेतले म्हणजे काय, हे त्या काळी शुद्धिपत्रापेक्षा अशा सोयरिकीनेच ठरत असे.

कायद्याची बाजू : सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन मुंबई इलाख्यात गेले. दोनच वर्षांनी, १८५० चा एकविसावा कायदा आला. धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही, असे त्याने ठरवले. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने असल्याने तेथे कंपनी सरकारचा कायदा आपोआप लागू होत नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके मात्र इंग्रजी सातारा जिल्ह्यात होते. त्यामुळे आजच्या सांगली जिल्ह्यातील शेजारशेजारच्या गावांत पंथ किंवा धर्म सोडणाऱ्याची कायदेशीर स्थिती शंभर वर्षे वेगवेगळी राहिली. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम २६ नुसार धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसा जात नाही. धर्मांतरानंतर झालेल्या त्याच्या मुलांचा मात्र हिंदू नातेवाइकांकडून येणारा वारसा जातो. एकाच धर्मातील पंथ बदलला तर यापैकी काहीच घडत नाही. अपवाद संन्यासाचा. रीतसर संन्यास घेणाऱ्याचा हिंदू कायद्याने ऐहिक मृत्यू मानला जातो. तो पुढे घरी परतला तरी सुटलेली मालमत्ता आपोआप परत मिळत नाही. लहान वयात दीक्षा घेऊन तिशीत बाहेर पडणाऱ्यांना हा नियम फार उशिरा कळतो.

बहिष्काराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. त्याला दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून, पंथाची शिस्त राखण्यासाठी केलेला बहिष्कार हा संविधानाच्या अनुच्छेद २६ (ख) मधील धार्मिक बाबींच्या व्यवस्थापनाचा भाग आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत विरोधी होते. बहिष्कृताला मशीद, दफनभूमी, सामायिक मालमत्ता आणि आप्तांचा सहवास यांना मुकावे लागते. हे परिणाम धार्मिक राहत नाहीत, नागरी हक्कांवर येतात, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. न्या. नरेंद्र नथवानी यांच्या आयोगाने १९७९ मध्ये बोहरा सुधारकांच्या छळाबद्दल दिलेला अहवाल सिन्हांच्या मताला पुष्टी देतो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम २०१६ मध्ये संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. चळवळ जातपंचायतींविरुद्ध उभी राहिली असली तरी ‘समुदाय’ या संज्ञेत एकाच धर्माचे किंवा धर्मपंथाचे अनुयायीही येतात. म्हणून पंथ सोडल्यावर ज्याच्याशी गुरुभावंडांनी व्यवहार तोडले, तोही या कायद्याचा आधार घेऊ शकतो. पुरावा जमवणे मात्र अवघड. पंचायत दंडाची रक्कम जाहीर करते. पंथ काहीच जाहीर करत नाही. पैरा (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची पद्धत) मोडतो, ऊस तोडायला टोळी येत नाही, मयताला माणसे दुरूनच परततात आणि विचारले तर ‘सवड नव्हती’ एवढेच उत्तर येते.

नियंत्रणाचे स्वरूप : गट माणसाला धरून कसा ठेवतो, यावर दोन परस्परविरोधी मते आहेत. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये चीनमधील विचार-परिवर्तनाच्या अभ्यासातून आठ लक्षणे मांडली. संवादावर ताबा, पापांची सक्तीची कबुली, ठरावीक शब्दांत विचार कोंडणे, व्यक्तीपेक्षा सिद्धांत श्रेष्ठ मानणे ही त्यांतली काही. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांनी ही मांडणी नव्या पंथांना लावली. उलट समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९८४ मध्ये दाखवले, की युनिफिकेशन चर्च या कोरियात उगम पावलेल्या नव्या पंथाच्या शिबिरांना आलेल्यांपैकी थोडेच सदस्य झाले आणि झालेल्यांपैकी बहुतेक दोन वर्षांत स्वतःहून निघून गेले. मन ताब्यात गेले असते तर असे घडले नसते. पंथांच्या मन वळवण्याच्या तंत्रांवरील सिंगर यांच्या समितीचा अहवाल अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९८७ मध्ये शास्त्रीय आधार पुरेसा नाही म्हणून स्वीकारला नाही. तरीही दोन्ही मतांचे विषय नीट पाहिले तर वेगळे आहेत. बार्कर यांचे आकडे तरुण, अविवाहित, नव्याने आलेल्यांचे आहेत. कुटुंबासह वीस वर्षे गटात राहिलेल्याला, ज्याची शेती, लग्नकार्ये आणि उधारी गटातच आहे त्याला ते लागू करता येत नाहीत. सातारा-सांगलीतील बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारची असतात.

बाहेर पडलेल्यांची साक्ष कितपत विश्वसनीय, यावरही वाद आहे. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विल्सन यांनी ती संशयाने पाहावी असे म्हटले. दुसरे समाजशास्त्रज्ञ बेंजामिन झॅब्लॉकी यांना गटात राहिलेल्यांच्या व सोडून गेलेल्यांच्या कथनांत विश्वसनीयतेचा लक्षणीय फरक आढळला नाही. झॅब्लॉकी यांचा निष्कर्ष प्रत्यक्ष तुलनेवर आधारलेला आहे. समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ एबॉ या पूर्वी कॅथलिक जोगीण (नन) होत्या. पहिली शंका, पर्यायांचा शोध, निर्णायक वळण आणि ‘पूर्वीचा’ अशी नवी ओळख, अशा चार टप्प्यांत त्यांनी १९८८ मध्ये बाहेर पडण्याची प्रक्रिया मांडली. फुटीर गट बहुधा यातल्या दुसऱ्या टप्प्यावर माणसाला भेटतो.

फुटीर गटांची पारख : या विषयात सर्वांत चांगली नोंद असलेले उदाहरण अमेरिकेतील वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉडचे. संस्थापक हर्बर्ट आर्मस्ट्राँग १९८६ मध्ये वारले. शनिवारचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस), जुन्या करारातील सण आणि एकाहून अधिक दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणे) हे तेथील नियम होते. उत्तराधिकारी जोसेफ टकाच यांनी डिसेंबर १९९४ मधील प्रवचनात ही बंधने सैल केली आणि १९९५ मध्ये मोठी फूट पडली. त्याआधी फिलाडेल्फिया (१९८९) व ग्लोबल (१९९३) हे गट निघाले होते. नंतर युनायटेड (१९९५) व लिव्हिंग (१९९८) निघाले. मूळ संस्थेने २००९ मध्ये नावही बदलले. सर्व फुटीर गटांची शिकवण जवळजवळ सारखीच, आर्मस्ट्राँग यांचीच. फरक होता कारभारात. युनायटेडमध्ये मंडळीच्या वडिलांची (एल्डरांची) सभा मतदानाने बारा जणांची परिषद निवडते. फिलाडेल्फियात सत्ता एका प्रमुखाकडे राहिली. निवडणूक असूनही युनायटेड २०१० मध्ये पुन्हा फुटले, हेही नोंदवले पाहिजे. तरी सिद्धांतांची तुलना करत बसलेल्याला या गटांतला खरा फरक सापडत नाही. प्रमुखाला कोण नेमतो, कोण काढू शकतो आणि सोडून गेलेल्याशी घरच्यांनी बोलावे की नाही, या तीन प्रश्नांतून तो लगेच दिसतो.

सातारा जिल्ह्यातील जुन्या फुटी वेगळ्या प्रकारच्या आहेत. समर्थ रामदासांच्या निर्वाणानंतर चाफळच्या देवस्थानाच्या वहिवाटीवरून दिवाकर गोसावी व उद्धव गोसावी यांच्यात वाद झाला. संभाजी महाराजांच्या पत्रांत कौल दिवाकर गोसाव्यांकडे दिसतो. पुढे अधिकार समर्थांच्या थोरल्या बंधूंच्या, श्रेष्ठांच्या वंशाकडे गेला. हा तंटा उत्सव, उत्पन्न व हक्क यांचा होता. शिष्यांना कोंडण्याचा प्रश्न त्यात नव्हता. श्रीचक्रपाणींचे जन्मस्थान म्हणून महानुभावांना पूज्य असलेल्या फलटणच्या संदर्भात आम्नायभेदाची (पंथातील शाखाभेदाची) आठवण होते. पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्यानंतर, बहुधा चौदाव्या शतकात, पंथाचे तेरा आम्नाय झाल्याचे परंपरा सांगते. आज उपाध्ये व कवीश्वर हे प्रमुख. ते गुरुपरंपरेचे भेद आहेत. आधुनिक फुटीर गटांना यांची उदाहरणे देऊन प्रतिष्ठा मिळवून देण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नाही.

स्थानिक पातळीवर पारख करण्याचे साधन म्हणजे सार्वजनिक न्यासाची नोंद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा धर्मादाय कार्यालयातून मिळतो. विश्वस्तांची नावे, स्थावर मालमत्ता व उत्तराधिकाराची पद्धत त्यात असते. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आश्रमाच्या जमिनीचा सातबारा न्यासाच्या नावे आहे की गुरूच्या मुलाच्या, हे पाहिल्यास प्रवचनांपेक्षा अधिक कळते. नोंदणी झाली म्हणजे गट निर्धोक, असा मात्र अर्थ होत नाही.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही तिची भूमिका पंथ सोडणाऱ्यांना सोयीची ठरली, कारण त्यांतले बरेच जण श्रद्धा सोडायला तयार नसतात. दाभोलकरांच्या हत्येनंतर झालेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. चमत्कार दाखवून पैसा मिळवणे आणि अवतार असल्याचे भासवून किंवा पूर्वजन्मीचे नाते सांगून लैंगिक शोषण करणे ही त्यांत येतात. गट सोडू न देणे हे स्वतंत्र कृत्य म्हणून त्यात नाही. त्यासाठी २०१६ च्या कायद्याकडे किंवा धमकी, कोंडून ठेवणे यांसंबंधीच्या सामान्य फौजदारी कलमांकडेच जावे लागते.