मैलागाळ व्यवस्थापन, वाई

सेप्टिक टाकीच्या तळाशी साचणारा गाळ ठरावीक मुदतीने उपसणे, वाहून नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे, या साऱ्या व्यवस्थेला मैलागाळ व्यवस्थापन म्हणतात. जिथे भुयारी गटार नाही आणि लवकर होण्यासारखेही नाही, अशा लहान शहरांसाठी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्रात तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाई.

२०११ च्या जनगणनेनुसार वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. गाव कृष्णेच्या काठी वसलेले असून वरच्या अंगाला धोम धरण आहे. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. नदीपासून गावाला कसे वाचवायचे, याचा विचार इथे अठराव्या शतकात झाला होता. गावापासून नदीला वाचवण्याचा प्रश्न पुष्कळ उशिरा पुढे आला.

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो, चरबी व फेस वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. हवेविना जगणारे जिवाणू मैल्याचा काही भाग कुजवतात. उरलेल्याचा गाळ होतो. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा असा संकेत आहे. न उपसल्यास पाण्याला टाकीत थांबायला जागा राहत नाही आणि मैला जवळजवळ जसाच्या तसा गटारात जातो. व्यवहारात मात्र टाकी तुंबून अंगणात घाण येईपर्यंत कोणी सक्शन गाडी बोलावत नाही. कित्येक घरांत तर झाकणावर फरशी बसवलेली असते. उपसलेला गाळ कचरा डेपोवर, शेतात किंवा ओढ्यात ओतण्याची रीतही सर्वत्र होती. घरगुती सांडपाण्यापेक्षा हा गाळ कितीतरी पटींनी दाट असल्याने ओढ्यात रिकामी केलेली एक गाडीही नदीला जड जाते.

वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये हा क्रम उलटवला. तक्रार येण्याची वाट न पाहता भागवार वेळापत्रक आखून तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी रिकामी करायची, असे ठरले. काम खाजगी ठेकेदाराकडे दिले गेले आणि त्याचा मोबदला प्रत्यक्ष उपशाशी जोडला गेला. घरमालकाने दर वेळी गाडीचे भाडे द्यायचे नाही. खर्च करातून भागवायचा. हा भाग दिसायला रूक्ष आहे, पण योजनेचा कणा तोच. भाडे द्यावे लागले की माणूस उपसा पुढे ढकलतो. या आखणीत अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने नगरपरिषदेला साहाय्य केले. त्याच वर्षी दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र सुरू झाले. तेथे गाळातील पाणी वेगळे करून घन भाग वाळवतात व उच्च तापमानाला तापवतात. त्यात रोगजंतू मरतात आणि कोळशासारखा पदार्थ उरतो. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही वेळापत्रकाने उपसा करण्याची पद्धत स्वीकारली. तेथील केंद्रात गाळ वाळवण्यासाठी वाफे आहेत.

उपशाचे काम यंत्रानेच व्हावे लागते. टाकीतील विषारी वायूंनी कामगार दगावतात, आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही मोठी आहे. तिने थांबतो तो गाळ. टाकीतून बाहेर पडणारे पाणी, तसेच मोरीचे, धुण्याभांड्यांचे पाणी या योजनेच्या कक्षेत येत नाही, आणि घरगुती सांडपाण्याचा मोठा वाटा त्याचाच असतो. स्नानयोग्य नदीच्या पाण्यात जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा निकष आहे. चांगली राखलेली सेप्टिक टाकीसुद्धा बाहेर सोडते त्या पाण्यात ती याच्या अनेक पट असते. पावसाळ्यात प्रवाह मोठा असल्याने ते विरळ होते. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की काठच्या नाल्यांचे पाणी नदीत वेगळे ओळखू येते. त्यासाठी नाले नदीपूर्वी अडवून ते पाणी स्थिरीकरण तळ्यांत, म्हणजे सांडपाणी काही दिवस साठवून आपोआप निवळू देणाऱ्या उथळ तळ्यांत, किंवा पाणवनस्पती लावलेल्या वाफ्यांत खेळवावे लागते. त्याला जागा लागते, आणि घाटांना लागून दाट वसलेल्या जुन्या गावात नेमकी तीच नसते.