भूमध्य समुद्राकाठी घर आणि शिडाची बोट: शहर निवडण्याआधी वाचा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं शहर आधीच ठरलेलं असतं. जुलैत सुट्टीला गेले, निळं पाणी पाहिलं, संध्याकाळी धक्क्यावर बसून मासे खाल्ले आणि परतीच्या विमानातच नक्की केलं की निवृत्तीनंतर इथेच. त्यात गैर काही नाही. पण जुलैत त्या किनाऱ्यावरचं कुठलंही गाव देखणंच दिसतं. आम्ही विचारतो ते फेब्रुवारीबद्दल. पाऊस पडतोय, बोट यार्डात उभी आहे, पर्यटक गेलेत. अशा वेळी त्या गावात डॉक्टर भेटेल का, भाजी मिळेल का, चार माणसांशी बोलणं होईल का? शहर हिवाळ्यावरून निवडावं. उन्हाळा सगळीकडे चांगलाच असतो.

वर्षातले आठ-दहा महिने तिकडे राहायचं आहे आणि दहा ते बारा मीटरची शिडाची बोट ठेवायची आहे, अशांसाठी हे पत्रक आहे. आमचे ग्राहक म्हणजे मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेली मंडळी, आखातात उमेदीची वर्षं घालवलेले इंजिनियर, आणि अलीकडे चाळिशीतच नोकरी सोडलेले काहीजण. दोन आठवड्यांसाठी बोट भाड्याने घ्यायची असेल, तर यातलं निम्मं तुमच्या उपयोगाचं नाही.

माणसाची मुदत वेगळी, बोटीची वेगळी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा घेऊन गेलात, तर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया, हे सगळे या हिशेबात एकच धरले जातात. त्यामुळे इटलीतून शीड उभारून ग्रीसला गेलात तरी दिवसांची मोजणी नव्याने सुरू होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरच्या येण्याजाण्याच्या नोंदी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे. शिक्का पुसट होता वगैरे सबबी आता चालायच्या नाहीत.

बोटीचा हिशेब निराळा. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली, संघाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या मालकीची बोट तिथल्या पाण्यात व्हॅट न भरता १८ महिने राहू शकते. मुदत संपण्याआधी ती तुर्कस्तानात किंवा ट्युनिशियात नेऊन रीतसर नोंद करून परत आणली, की पुढचे १८ महिने पुन्हा मिळतात. तुर्कस्तानातल्या मार्मारिसहून ग्रीसचं रोड्स बेट समोरच आहे, त्यामुळे अनेकजण हे करतातच.

गोम पुढे आहे. ही सवलत तुमच्या राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून असते. स्पेनचा किंवा ग्रीसचा रहिवासी परवाना घेऊन तिथे राहू लागलात की तुम्ही तिथले रहिवासी, आणि बोटीची सवलत संपली. गोव्याच्या काही ग्राहकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. त्यांना ९० दिवसांची अट नाही, व्हिसाची यातायात नाही. पण व्हॅटच्या बाबतीत तो पासपोर्ट काही उपयोगाचा नाही. राहता कुठे, एवढंच तिथे पाहतात.

व्हॅटचे दर असे: माल्टा १८ टक्के, फ्रान्स २०, स्पेन २१, इटली २२, ग्रीस २४, क्रोएशिया २५. स्पेनमध्ये रहिवाशाच्या आठ मीटरपेक्षा लांब बोटीवर १२ टक्के नोंदणी कर वेगळा लागतो. तो अनेकांच्या हिशेबात नसतो आणि मग व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यात घाम फुटतो. राहण्याची जागा बदलताना आधीपासून वापरातली बोट सोबत आणणाऱ्यांना काही सवलती आहेत, पण अर्ज मुदतीत करावे लागतात. सरळ मार्ग म्हणजे संघाच्या आत व्हॅट भरलेली जुनी बोट घेणं. मात्र व्हॅट भरल्याचं मूळ बिल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. ‘बिल आहे, शोधून पाठवतो’ असं विक्रेता म्हणाला, तर ते सापडेपर्यंत थांबा.

राहण्याच्या परवान्याबद्दल थोडक्यात. स्पेनमध्ये घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. आता पेन्शन, भाडं किंवा व्याज यांवर जगणाऱ्यांसाठी नोकरी न करण्याच्या अटीवरचा व्हिसा आहे. २०२५ च्या निकषाने त्यासाठी अर्जदाराचं उत्पन्न दरमहा २,४०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ६०० युरो दाखवावं लागतं, शिवाय पूर्ण संरक्षण देणारा खासगी आरोग्य विमा. ग्रीसचा गोल्डन व्हिसा चालू आहे, पण २०२४ पासून अथेन्स परिसर, थेसालोनिकी आणि मोठ्या बेटांवर त्यासाठी ८ लाख युरोंची मालमत्ता लागते, इतर बऱ्याच भागांत ४ लाखांची. भारतातून पैसे पाठवणार असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. नवरा-बायकोचं मिळून गणित मांडा आणि सीएला पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा.

आणखी एक. मरिना म्हणजे हौशी बोटींचं बंदर, आणि बर्थ म्हणजे तिथली बोट लावायची जागा. या बर्थची पावती म्हणजे पत्ता नव्हे. परवान्यासाठी घराचा करार मागतात आणि बऱ्याच मरिनांमध्ये वर्षभर बोटीतच राहायला परवानगी नसते. ‘बोटीतच राहू, भाडं वाचेल’ हे गणित रहिवासी परवान्यासोबत जुळत नाही.

हा समुद्र आपल्या समुद्रासारखा वागत नाही

मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. गेटवेसमोर बोट चालवलेल्यांना भरती-ओहोटीचं कोष्टक तोंडपाठ असतं. भूमध्य समुद्रात ते बहुतेक ठिकाणी लागत नाही, पाणी जेमतेम वीतभर हलतं. एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला आणि ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात थोडी खरी भरती येते, मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार असतो, बाकी शांत. चिंता वाऱ्याची करायची. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा मिस्त्राल, क्रोएशियाच्या डोंगरांवरून कोसळणारा बोरा, जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर दिवसेंदिवस वाहणारा मेल्तेमी. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे तिथेही आहेत, पण या तिघांपुढे त्यांचं चालत नाही.

पाणी चढत-उतरत नाही म्हणून तिथे बोट धक्क्याला मागच्या बाजूने लावतात. ही कला शिकल्याशिवाय बोट घेऊ नका. वारा आडवा, दोन्ही बाजूंना कोणाच्या तरी चकचकीत बोटी, धक्का झेलणारे फुगे (फेंडर) लटकवलेले, आणि धक्क्यावर मरिनाचा माणूस हातात एक ओली दोरी धरून उभा. ती लेझी लाइन. तिचं दुसरं टोक समुद्राच्या तळाशी बांधलेलं असतं. हातमोजे घालून ती घ्यायची, कारण महिनोन्‌महिने पाण्यात राहून तिच्यावर बारीक शिंपले चढलेले असतात आणि ते ब्लेडसारखे कापतात. मग बोटीच्या कडेने चालत ती पुढच्या टोकापर्यंत न्यायची, ताणायची, बांधायची. तोवर गिअर न्यूट्रलमध्ये. घाईत कोणी पुढे टाकला की दोरी पंख्यात गेलीच.

म्हणून आमचा आग्रह असतो की खरेदीआधी एक आठवडा भाड्याची बोट घेऊन फक्त हेच करा. मर्चंट नेव्हीतला मास्टरचा परवाना असला तरी भाड्याने बोट देणारे आयसीसी (हौशी बोट चालवता येते याचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र मागू शकतात, ते आधी काढून ठेवा. टँकर चालवलेल्या कॅप्टनांना बारा मीटरच्या बोटीची परीक्षा द्यायला संकोच वाटतो. देऊन टाका.

शहरं

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं वॅलेन्सिया आम्ही सर्वाधिक सुचवतो, आणि गंमत म्हणजे ते शिडाच्या बोटीसाठी सर्वात चांगलं ठिकाण नाही. किनारा सरळ आणि वाळूचा, नांगर टाकून रात्र काढावी अशा खाड्या जवळपास नाहीत, इबिझा बेटावर जायचं तर रात्रभराचा प्रवास. पण शहर बारा महिने जागं असतं. मेट्रो आहे, ट्राम समुद्रापर्यंत जाते, माद्रिदला वेगवान रेल्वे दोन तासांच्या आत पोहोचवते, मोठी रुग्णालयं आहेत. अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेच्या २००७ आणि २०१० च्या शर्यती इथे झाल्या, त्या निमित्ताने बंदराचा कायापालट झाला आणि बर्थ मिळणं तुलनेने सोपं झालं. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीच दक्षिणेकडे वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. सकाळच्या फेरफटक्याला त्याहून चांगली जागा त्या किनाऱ्यावर आम्हाला तरी माहीत नाही. पुराची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. घर शोधताना तळमजला आणि नव्या पात्राच्या दक्षिणेकडचा सखल भाग टाळा, भाडं कितीही कमी असलं तरी.

बोट हाच जीव की प्राण असेल, तर त्याच किनाऱ्यावर खाली कार्ताहेना बघा. डोंगरांनी वेढलेलं नैसर्गिक बंदर आहे. कार्थेजवाल्यांनी, मग रोमनांनी ते उगाच नाही निवडलं, आणि स्पेनचं नौदल आजही तिथेच आहे. मरिनातून चालत पाच-सात मिनिटांत भर बाजारात. पाऊस नावापुरता. हिवाळ्यात बोटीवर थांबणाऱ्या परदेशी लोकांची तिथे चांगली वस्ती असते, त्यामुळे फेब्रुवारीत गप्पांना माणूस मिळतो. कमी काय? विमानतळ लहान, मोठ्या उपचारांसाठी मुर्सियाला जावं लागतं आणि स्पॅनिश आल्यावाचून पान हलत नाही.

स्पेनच्या मायोर्का बेटावरचं पाल्मा सुंदर आणि महाग. बर्थसाठी रांग. शिवाय मायोर्का ज्यात येतं त्या बॅलिएरिक बेटांमध्ये २०१८ पासून पोसिडोनिया या समुद्री गवतावर नांगर टाकायला बंदी आहे, दंड होतो. पैशाचा प्रश्न नसेल तर जा.

अथेन्सचं नाव काढलं की लोक म्हणतात गर्दी, गोंगाट. खरं आहे. पण अलिमोस किंवा फ्लिस्वोसच्या मरिनात बोट आणि ट्रामच्या वाटेवर भाड्याचं घर, ही जोडी फार सोयीची आहे. शुक्रवारी दुपारी निघालं की संध्याकाळी एजिना बेट, दुसऱ्या दिवशी पोरोस, हवं तर हायड्रा. एजियनच्या मध्यावर मेल्तेमी घोंघावत असताना अथेन्ससमोरच्या या सारोनिक आखातात त्यामानाने निभावतं. ओमोनिया चौकाच्या मागच्या गल्ल्यांत आपली डाळ, पीठ, मसाले मिळतात. पोह्यांचा आग्रह मात्र धरू नका.

ग्रीसची पश्चिम बाजू म्हणजे आयोनियन समुद्र. नवशिक्यासाठी याहून प्रेमळ पाणी नाही. सकाळी शांत, दुपारी वायव्येचा माफक वारा, संध्याकाळी पुन्हा शांत. बोट काढून ठेवण्यासाठी प्रेवेझासमोर अ‍ॅक्टियोला यार्डांची रांगच आहे. इसवी सनापूर्वी ३१ साली अँटनी आणि क्लिओपात्राचं आरमार हरलं ते याच पाण्यात, आणि तिथल्या एका मरिनाला नाव क्लिओपात्राचंच दिलंय! जवळच लेफ्कादा बेट, तिथला तरता पूल ठरावीक वेळी बाजूला सरकतो आणि तोवर बोटी कालव्यात घिरट्या घालत थांबतात. मात्र नोव्हेंबर ते मार्च ही गावं झोपलेली असतात. अर्धी दुकानं बंद, मोठं रुग्णालय योआनिनाला. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं वादळ याच बेटांवर आदळलं होतं, तेव्हा ‘प्रेमळ’ हा शब्द उन्हाळ्यापुरता घ्या. आमचा सल्ला: घर अथेन्सला, बोट प्रेवेझाला. दोन्ही एकाच गावात हवं हा हट्ट सोडला की निवड एकदम सोपी होते.

माल्टा इंग्रजीसाठी. सरकारी भाषाच आहे ती. गाड्या डाव्या बाजूने, प्लग ब्रिटिश. ज्यांना साठीनंतर नवी भाषा नको, त्यांनी इथे पाहावं. बेट लहान आणि दाट वस्तीचं, बर्थ मोजके, आणि ग्रेगाले हा ईशान्येचा वारा सुटला की त्या तोंडाच्या बंदरांत बोटी दोऱ्यांना हिसके देतात.

क्रोएशियातल्या स्प्लिटची बेटं अप्रतिम, पण सर्वाधिक व्हॅट आणि हिवाळ्यात बोरा. फ्रान्समध्ये सरकारी बंदरांतल्या कायम बर्थसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून आम्ही तिकडचं काम घेत नाही. सिसिलीत मरीना दि रागुझाला हिवाळी मंडळी जमतात, एकदा पाहून या.

बोट शाकारणं

कोकणात जूनमध्ये होड्या ओढून शाकारतात, तिकडे ते नोव्हेंबरच्या सुमारास. ट्रॅव्हल लिफ्टने बोट उचलून यार्डात टेकूंवर उभी करतात, तळ धुतात, वसंतात अँटिफाउलिंगचा (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग देऊन परत पाण्यात. शिडं उतरवून ठेवा, इंजिनातलं समुद्राचं पाणी काढा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. वर्षाचा एकूण खर्च बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरून चाला. बर्थ, विमा, यार्ड आणि दुरुस्ती त्यात येते. विमा कंपनी बोट हिवाळ्यात कुठे ठेवणार हे विचारते आणि काही यार्डांची नावं ऐकून हप्ता वाढवते, तेव्हा यार्ड ठरवण्याआधी तिला विचारा.

आमच्याकडे काय मिळेल

आम्ही बोटी विकत नाही आणि विक्रेत्याकडून दलाली घेत नाही. शहराची निवड, घराचा करार, व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव, खरेदीआधी स्वतंत्र सर्व्हेयरकडून बोटीची तपासणी, एवढं आमचं काम. कर आणि कायदा यांसाठी त्या त्या देशातल्या वकिलाकडे पाठवतो, त्यांची फी तुम्ही थेट त्यांना द्यायची. दर आणि नियम बदलतात, म्हणून पैसे हलवण्याच्या आठवड्यात या पत्रकातले आकडे पुन्हा एकदा आमच्याकडून तपासून घ्या.

शहर दाखवायला आम्ही जानेवारी-फेब्रुवारीतच नेतो. उन्हाळ्यात कोणी कितीही गळ घातली तरी नाही.

पहिल्या भेटीची फी नाही. येताना पासपोर्टची प्रत, गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पेन्शन किंवा भाड्याच्या उत्पन्नाचा पुरावा आणि चालू आरोग्य विम्याची पॉलिसी आणा. जोडीदाराला सोबत आणाच. बोटीचे फोटो नंतर बघू.