कोल्हापुरी नेमकी कुठली?

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर दिसलेली चप्पल ओळखायला आपल्याकडे कुणाला चष्मा लागला नाही. प्राडा या इटालियन ब्रँडने मात्र तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं होतं. ओरड झाली, तेव्हा प्रेरणा कुठून आली ते कबूल केलं. मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही गेली. जुलैत ती फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणाचे, नोंदणीकृत मालक फिर्यादी नव्हतेच.

हे मालक कोण, तिथेच खरा गुंता आहे. २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आले. नाव आमचं आणि वाटा त्यांना का, असा सूर कोल्हापुरात उमटला. तो समजण्यासारखा आहे, पण पूर्ण खरा नाही. अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच चप्पल शिवत आले. कोल्हापूरने तिला पेठ दिली आणि नाव दिलं. कर्नाटकातले लोक तर थेट बाराव्या शतकातल्या, बसवेश्वरांच्या काळच्या हरळय्या या चर्मकार शरणाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे शाहू महाराजांनी या धंद्याला दिलेला आधार सांगितला जातो. शिवाय 'कोल्हापुरी' हा एकच प्रकार कुठे आहे? त्यातला कापशी हा प्रकार तर कागल तालुक्यातल्या गावाचं नाव लावून फिरतो.

आणखी एक गोष्ट या भांडणात हरवते. मानांकन राखतं ते नाव. पट्टा, वेणी, अंगठा तसाच ठेवून कुणी नावच घेतलं नाही, तर कायद्याच्या हाती फारसं उरत नाही. उलट बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याऐवजी रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून खपवली, तर ते मानांकनाचं सरळ उल्लंघन. ते आपल्या बाजारात रोज होतं आणि त्यावर कुणी ओरडत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये त्याच ब्रँडने दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड बनवायचे, किंमत जोडीला ८०० युरोच्या आसपास. नावात या वेळी कोल्हापुरी आहे, पण 'कोल्हापुरीवरून प्रेरित' अशी.