शेडला पाणी लावण्याआधी आतून हात फिरवून पाहा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दिव्यांच्या शेड धुळीपेक्षा पाण्याने जास्त बिघडलेल्या असतात. घर आवरताना शेड मळकट दिसते, कुणीतरी ती ओल्या फडक्याने खसाखसा पुसतं किंवा सरळ बादलीत बुडवतं. दुसऱ्या दिवशी कापडाला फुगे आलेले असतात आणि कडेला तांबूस डाग. "जरासं पाणीच तर लावलं होतं," असं ग्राहक हळहळून सांगतात. ही वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी वीज, मग शेड

नुसतं बटण बंद करू नका, प्लगही काढा. छताच्या किंवा भिंतीवरच्या दिव्यासाठी मेन स्विच बंद करा. बल्ब पूर्ण गार होऊ द्या. शेड उतरवताना कापडाला न धरता तारेच्या कडीला धरा. बोटांचा तेलकटपणा आज दिसत नाही, पण त्यावर धूळ बसत जाते आणि नेमक्या त्याच जागी काळपट ठसे उमटतात.

शेड चिकटवलेली की शिवलेली?

आतून हात फिरवा. गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा हाताला लागला, तर कापड त्यावर गोंदाने चिकटवलेलं आहे. अशी शेड कधीही भिजवू नका. गोंद सुटतो आणि कापड फुगतं. मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा. कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर असेल तर तोही छान चालतो. डाग पुसावाच लागला, तर सौम्य साबणाचा नुसता फेस स्पंजवर घ्या, स्पंज घट्ट पिळा आणि डागापुरतं न थांबता ती अख्खी बाजू हलक्या हाताने पुसा. ओल्या भागातलं पाणी वाळताना मळ कडेला ढकलत नेतं, म्हणून फक्त मधे पुसलं की वाळल्यावर तिथे वलय दिसतं.

आत तारा, अस्तर आणि टाके लागले, तर शेड शिवलेली आहे. ती धुता येते, पण सरसकट नाही. पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर दाबा. रंग उतरला तर धुण्याचा विचार सोडा. लेस गोंदाने लावली असेल तरीही सोडा. जुन्या रेशमाला तर पाणी लावूच नका. वर्षानुवर्षं उष्णता आणि प्रकाश सोसून ते विरलेलं असतं, बोटाने दाबलं तरी चिरतं.

सुती किंवा पॉलिस्टरची शेड या परीक्षेत उतरली, तर टबात कोमट पाणी घ्या, सौम्य द्रव साबणाचे काही थेंब टाका आणि शेड हळूहळू वर-खाली बुडवा. चोळू नका, पिळू नका. स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा. खरी घाई यापुढे करायची. टॉवेलने पाणी टिपून घ्या, शेड पंख्याखाली टांगा आणि मधूनमधून फिरवत राहा. हेअर ड्रायर वापरलात तर गार हवेवर ठेवा. शेड रात्रभर ओली राहिली की आतली तार गंजते, आणि गंज कापडात उतरला की सहसा निघत नाही. मध्यंतरी आमच्या टेबलावर बारा तारांची एक सुंदर शेड आली होती. प्रत्येक तारेसमोर एक तपकिरी रेघ, पट्टीने आखल्यासारखी. अस्तरासकट सगळं कापड बदलावं लागलं.

चुण्यांच्या शेडला रंगकामाचा नवा, कोरडा ब्रश सगळ्यात उत्तम. एकेक चुणी धरून वरून खाली ब्रश फिरवा. काम वेळखाऊ आहे, पण पाण्याची गरजच पडत नाही.

बाकीचे प्रकार

कागदाची शेड फक्त कोरडी झाडा. वेताच्या शेडला जेमतेम ओलसर कापड पुरे. काच कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पण तापलेली काच पाण्यात घालू नका, तडकेल. अ‍ॅक्रिलिकवर काचा पुसायचा स्प्रे मारू नका. त्यातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने बारीक चिरा पडतात. स्वयंपाकघरातल्या शेडवर कापडाला तेलाचा ताजा डाग पडला, तर कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं पीठ) भुरभुरवा, काही तास राहू द्या आणि मग झाडा.

पिवळेपणा धुऊन जात नाही

उष्णतेने करपून पिवळं पडलेलं अस्तर साबणाने पांढरं होत नाही, म्हणून बल्ब नीट निवडा. जुन्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा बहुतांश भाग उष्णतेतच जातो. होल्डरवर किंवा शेडच्या आत जास्तीत जास्त किती वॉट ते लिहिलेलं असतं. ती मर्यादा ओलांडू नका आणि बल्ब कापडाला टेकू देऊ नका. शक्य असेल तिथे एलईडी लावा. साधारण 9 वॉटचा एलईडी जुन्या 60 वॉटच्या बल्बइतका उजेड देतो आणि शेड फारशी तापत नाही. काचेच्या बंद गोळ्यात मात्र एलईडीचीही उष्णता कोंडते आणि त्याचं आयुष्य घटतं, म्हणून पाकिटावर 'बंद शेडसाठी योग्य' असं लिहिलंय का ते पाहा. खिडकीजवळच्या दिव्याची शेड दर काही महिन्यांनी थोडी फिरवून ठेवा, म्हणजे एकच बाजू विटणार नाही.

दुरुस्तीला आणताना

फाटलेलं कापड, सुटलेली लेस, गळून पडलेले मणी टाकून देऊ नका. तोच आमचा नमुना असतो. जमलं तर दिवाही सोबत आणा. कडीचं माप होल्डरवर बसवून पाहिलं की शेड पुढे डगमगत नाही.