लिंबाचं कॉर्डियल आलं कुठून?

चैत्रात पुण्यात हळदीकुंकवाला केलेलं पन्हं त्या दिवसापुरतंच असतं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची. बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबलंच. टिकाऊ म्हणावं ते कोकणातून येणारं कोकम: १ किलो सालींना २ किलो साखर, चिनी मातीच्या बरणीत थरावर थर, आठवडाभर ऊन. लिंबाच्या कॉर्डियलची, म्हणजे रस वर्षभर टिकवून पाणी घालून प्यायची, युक्ती मात्र वेगळ्या गरजेतून निघाली.

‘कॉर्डियल’ हा शब्द लॅटिनमधल्या हृदयवाचक शब्दावरून आला. आधी ते हृदयाला बळ देणारं, बहुधा मद्यातलं औषध होतं. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन गुण येतो हे दाखवलं. पण रस टिकवायला त्यानेच तो आटवायचा उपाय सुचवला आणि आटवताना क जीवनसत्त्व नष्ट होत होतं. पुढे ब्रिटिश आरमार रसात दारू घालून तो टिकवू लागलं. १८६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या लॉक्लन रोझने दारूशिवाय रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणं कायद्याने सक्तीचं झालं.

आपल्याकडे १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने या नावांना मापं दिली. कॉर्डियल, स्क्वॅश, क्रश, सिरप, चौघांतही रस किमान २५ टक्के. विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, मात्र अनुक्रमे ३०, ४०, ५५ आणि ६५ टक्के. कॉर्डियलची खरी ओळख मात्र नितळपणा. गर असलेला तो स्क्वॅश. घरी आपण सगळ्यालाच ‘सिरप’ म्हणतो, तो भाग वेगळा.

हा नितळपणा घाईने येत नाही. मंडईतली पातळ सालीची २५ ते ३० कागदी लिंबं घ्या, साधारण अर्धा लिटर रस निघेल. शेवटचा थेंब काढायला पिळू नका. बिया चिरडल्या किंवा सालीचा पांढरा भाग दाबला गेला की कडवटपणा आलाच. रस गाळून १ ग्रॅम केएमएस, म्हणजे रस टिकवणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, चमचाभर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. ग्रॅम मोजायला छोटा डिजिटल काटा हवा, ‘चिमूटभर’ इथे चालत नाही. उंच काचेच्या बाटलीत झाकून आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचा रस बाटली न हलवता बारीक नळीने काढून घ्या.

१ किलो साखर ४५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, वरची मळी काढा, मलमलीतून गाळा आणि पाक पूर्ण गार होऊ द्या. लिंडची चूक घराघरांत होते ती इथे: गरम पाकात रस ओतला की केएमएसचा वायू उडून जातो, चवही शिजल्यासारखी लागते. गार पाकात नितळ रस मिसळा. काचेच्या बाटल्या आधी पाण्यात उकळून वाळवा आणि त्यांत हे मिश्रण, वर बोटभर जागा सोडून भरा. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी पातेलं नको, आम्लाने धातू रसात उतरतो. पिताना एक भाग कॉर्डियलला चार भाग पाणी.

जांभूळ, कोकम, स्ट्रॉबेरीला केएमएस घालू नका. लाल-जांभळा रंग फिका पडतो. तिथे सोडियम बेंझोएट हे दुसरं टिकवणारं द्रव्य, तयार मालाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम, आणि रस पुरेसा आंबट असेल तरच त्याचा उपयोग. दमा असलेल्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी केएमएसविना थोडंसंच करून फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्यात संपवावं.

झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा गळ्याशी फेस दिसला तर यीस्ट लागलं आहे. पुन्हा उकळून ती बाटली वाचत नाही, ओतून द्या.