वानर बिथरला की नवरा होतो

'बिथरलेला वानर झाला कुंकवाचा धनी (३).' साध्या शब्दकोड्यात 'पती' एवढेच विचारले असते आणि 'नवरा' लिहून आपण पुढे सरकलो असतो. क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोड्याचा क्लू मात्र उत्तर दोन वाटांनी सांगतो. 'कुंकवाचा धनी' हा सरळ अर्थ, 'वानर' हा कच्चा माल आणि 'बिथरलेला' ही त्या मालाची मोडतोड करण्याची खूण. 'झाला' नुसता सांधा. कंसातला आकडा घरांचा.

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात छापलेले पहिले शब्दकोडे सरळ अर्थांचेच होते. हा खट्याळपणा पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये रुजला. त्याचा एक नियम पक्का आहे: अर्थ क्लूच्या एका टोकाला असतो, मध्ये कधीच नाही. म्हणून वाक्याचा आशय विसरून आधी दोन्ही टोके तपासायची. मग 'विस्कटलेला', 'झिंगलेला', 'भूकंपात', 'गडबड' असा शब्द दिसतो का पाहायचे. दिसला, तर शेजारच्या शब्दांतली अक्षरे मोजायची. ती घरांइतकी भरली नाहीत, तर तो ॲनाग्राम, म्हणजे अक्षरांची फेरमांडणी, नव्हे. 'पोटात' किंवा 'दडलेले' असेल, तर मोडतोड करायचीच नाही. 'आज हा जवळ आला, पोटात तारू (३)' यात 'जहाज' अक्षरे सलग घेऊन उभे आहे.

मराठीत एक पेच जास्तीचा. घरात अक्षर बसते ते काना-वेलांटीसकट आणि जोडाक्षरालाही एकच घर. 'पालक'चे 'कपाल' करताना अख्खी अक्षरे जागा बदलतात. 'वानर'चे 'नवरा' करताना मात्र काना 'व'वरून उठून 'र'वर जातो. अक्षरे अखंड ठेवली तर तीन घरांच्या ६ मांडण्या होतात. काना सुटा केला की तीन व्यंजनांच्या ६ मांडण्या गुणिले कान्याच्या ३ जागा, म्हणजे १८. त्या १८ मध्ये 'वानर' आणि 'नवरा' आहेत, शिवाय खाटेची 'नवार'ही आहे. कोडेकार कोणती रीत पाळतो, हे त्याची दोन-तीन उत्तरे हाती आल्याशिवाय कळत नाही.

अक्षरे वाढली की सगळ्या मांडण्या लिहून पाहणे हा वेडेपणा. चार अक्षरांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०. काम होते ते अशक्य मांडण्या फेकून दिल्याने, आणि त्यासाठी मराठीची वळणे फार उपयोगी पडतात. 'सरळ नि विस्कटलेला, जरासा आभाळी (४)' हा क्लू घ्या. हाती स, र, ळ, नि. मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाही, म्हणून २४ पैकी ६ गेल्या. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ऱ्हस्व 'नि' शेवटी नको. ('आणि', 'नि' हे अपवाद आहेत, पण ते कोड्याचे उत्तर म्हणून क्वचितच येतात.) उरलेल्यांतल्या आणखी ४ गेल्या, आता १४ उरल्या. 'काळसर', 'ओलसर' आठवून 'सर' शेवटी ठेवला की मांडण्या दोनच: 'ळनिसर' आणि 'निळसर'. पहिला 'ळ'ने आधीच बाद केला आहे.

तरीही हे सुचायला वेळ लागतो, कारण 'सरळ' हा शब्द डोळ्यापुढून हटत नाही. अर्थहीन अक्षरांपेक्षा अर्थपूर्ण शब्दाचा ॲनाग्राम सोडवायला जास्त वेळ लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. ओळखीचा शब्द मेंदू अखंड वाचतो आणि अक्षरे सुटी व्हायला तयार होत नाहीत. उपाय साधा आहे: अक्षरे गोलाकार लिहायची, मूळ क्रम मोडून. सुटा काना फिरत असेल, तर तो वर्तुळाच्या मध्ये. एकच अक्षर दोनदा आले असेल तर तेही दोनदा. वापरलेल्यावर काट मारली नाही, तर पाच अक्षरांत सहावे हमखास घुसते. आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवून भरलेला आडवा शब्द त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दाची वाट लावतो, म्हणून पेन्सिलच बरी.

उत्तर कधी कधी अचानक सुचते, त्याचेही मोजमाप झाले आहे. मार्क जंग-बीमन, जॉन कुनियोस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायचा होता. तो एकदम सुचला, तेव्हा बटण दाबण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी उजव्या कानशिलामागच्या भागात मेंदूच्या वेगवान लहरी उसळलेल्या आढळल्या. त्याच्याही आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीची केंद्रे असतात तिथे, संथ अल्फा लहरी वाढल्या होत्या. बाहेरचे दृश्य क्षणभर मंद करण्याची ती तऱ्हा असावी, असा संशोधकांचा अंदाज. ॲनाग्रामवरचा हा प्रयोग नव्हता, तरी अडलेला क्लू सोडून दुसरा घ्यायची जुन्या कोडेबाजांची सवय त्याच्याशी जुळते.

सरावाला एक घ्या; यात अक्षरे अखंडच फिरतात आणि शेवटचा इकार इथेही उपयोगी पडेल: 'विकता उडाला गोंधळ, यमक हिचेच (३)'.