गादी साताऱ्यात, कारभार भलतीकडंच

आमच्याकडं सहकारी साखर कारखान्याचं इलेक्शन लागलं की विधानसभेपेक्षा जास्त चुरस, आणि पुण्याचे पाहुणे विचारतात की अरे संचालक व्हायला एवढी मारामारी कशाला, तर मग जरा मागं जावं लागतं.

शाहू महाराज १७४९ ला वारले तोपर्यंत पेशवा म्हणजे छत्रपतींचा प्रधान. पुढं रामराजे गादीवर आले पण १७५० ला ताराबाईंनी त्यांना थेट साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं, आणि त्याच साली सांगोल्याचा करार होऊन कारभार पुण्याला गेला तो गेलाच. पण गंमत बघा, फौज पुण्याची, खजिना पुण्याचा, तरी नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहूनच यायला लागायची! ज्याच्या हातात सगळं त्यालाही वरून शिक्का पाहिजेच.

इंग्रजांनी १८१९ ला प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं आणि शेजारी रेसिडेंट म्हणून आपला अधिकारी बसवला, मग राजा किती राजा राहणार. १८३९ ला पदच्युत करून काशीला धाडलं, त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला कित्येक वर्षं लंडनला बसले, उपयोग शून्य. त्यांच्या जागी बसवलेले भाऊ १८४८ ला वारले, त्यांचा दत्तक नामंजूर, राज्य खालसा.

खरी मजा १९४३ ची. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारकडं, म्हणजे इंग्रजांना डावलून चालवलेल्या सरकारकडं, ना गादी ना वस्त्रं. कचेरी, पोलीस, तुरुंग सगळं इंग्रजांचं, पण बांधाचं भांडण घेऊन लोक जायचे प्रतिसरकारच्या न्यायदानाकडं. सावकाराला दम, गावगुंडाचा बंदोबस्त, कमी खर्चात लग्न हेपण तेच बघायचे. शिक्षा कडक असायची, तळपायावर मारायचे म्हणून 'पत्री सरकार' नाव पडलं, कौतुक करताना ही बाजू लोक गाळतात बरं का, मला ते पटत नाही. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली.

त्याच पिढीतले वसंतदादा, ४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळालेले, पुढं साखर कारखाना उभा करतात आणि १९७७ ला मुख्यमंत्री होतात. तर पाहुण्यांना मी एवढंच विचारतो, ऊस फडात वाळतोय, कारखान्याची तोडणी टोळी अजून आली नाही, अशावेळी तुम्ही आमदाराला फोन लावाल का संचालकाला?